हलकी रायफल घेताना कॅलिबरआधी धक्क्याचा विचार करा

कुडाळजवळच्या आमच्या घरी आजोबांची एकनळी बारा बोअरची बंदूक होती, शेतीसंरक्षणाच्या परवान्यावरची. भात पोटरीला आलं की रानडुकरं उतरायची. मग एखाद्या रात्री मळ्यातून बार ऐकू यायचा आणि दुसऱ्या दिवशी आजोबा उजव्या खांद्याला तेल चोळत बसलेले दिसायचे. "बंदूक लाथ मारते," एवढंच म्हणायचे. आम्हा मुलांना तिला हात लावायची मुभा नव्हती.

आज मी कोलोरॅडोत, फोर्ट कॉलिन्सला राहते आणि गेली सात वर्षं दर ऑक्टोबर-नोव्हेंबरात हरीण आणि एल्क या त्याहून मोठ्या जातभाईच्या शिकारीला जाते. १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानंतर भारतात शिकार बंदच झाली. त्यामुळे आपल्यापैकी जे इथे येऊन शिकार शिकतात, त्यांना घरात विचारायला कुणी नसतं. दुकानातला माणूस सांगेल ते खरं, अशी आपली सुरुवात होते. माझीही तशीच झाली. "एल्कला मॅग्नमच लागते, आणि डोंगर चढायचा तर रायफल हलकी हवी," असं मला एका दुकानात सांगितलं. मॅग्नम म्हणजे जास्त दारूचं, जास्त जोराचं काडतूस. दोन्ही गोष्टी एकत्र करून मी सहा पौंडांची .३०० विंचेस्टर मॅग्नम घरी आणली.

दुसऱ्या हंगामात दोनशे यार्डांवर एक एल्क मादी आडवी उभी राहिली. मी चाप ओढला. ती झाडीत गेली. बर्फावर थोडं रक्त होतं, मग तुरळक, मग काहीच नाही. आम्ही अंधार पडेपर्यंत शोधलं आणि दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत पुन्हा शोधलं. ती सापडली नाही. तिला तसं सोडून खाली उतरताना मला जे वाटलं ते दुसऱ्या कुणाच्या वाट्याला येऊ नये, म्हणून हे सगळं सविस्तर लिहिते आहे. चूक गोळी लहान-मोठी असण्याची नव्हती. मी त्या रायफलीचा धसका घेतला होता आणि ते मला कळलंच नव्हतं.

१. आधी तुमचा व्हिसा बघा, मग रायफल

हे कंटाळवाणं वाटेल, पण इथे चूक झाली तर पुढचं सगळं आयुष्य बदलू शकतं. अमेरिकेच्या केंद्रीय कायद्यानुसार एच-१बी, एल-१, एफ-१, एच-४ अशा तात्पुरत्या व्हिसावर आलेल्या माणसाला बंदूक किंवा काडतूस जवळ बाळगायला मनाई आहे. याला काही अपवाद आहेत. त्यातला आपल्या कामाचा अपवाद म्हणजे अमेरिकेतल्या एखाद्या राज्याचं चालू हंटिंग लायसन्स. ते हातात असेल तर बाळगता येते.

यातला सापळा नीट समजून घ्या. "बाळगणं" म्हणजे विकत घेणंच नव्हे. ऑफिसातल्या मित्राबरोबर रेंजवर, म्हणजे नेमबाजीच्या मैदानावर, जाऊन त्याच्या रायफलीनं दोन बार मारून बघणं हेसुद्धा त्यात येतं. हौस म्हणून असं करणारे कितीतरी मराठी तरुण मी पाहिले आहेत. ग्रीन कार्ड असेल तर ही मनाई लागू नाही. मी एच-४वर असताना थांबले आणि कार्ड आल्यावरच पहिली रायफल हातात घेतली. तुमचा अर्ज मध्येच कुठे अडकला असेल तर इमिग्रेशन वकिलाला एकदा विचारा. त्याची फी रायफलीच्या मानानं स्वस्त पडते.

दुकानात जाताना सोबत असू द्या :

- सध्याच्या पत्त्याचं ड्रायव्हिंग लायसन्स. घर बदललं असेल आणि कार्डावर जुना पत्ता असेल तर नवा पत्ता असलेला सरकारी कागद, उदाहरणार्थ गाडीचं रजिस्ट्रेशन.
- ग्रीन कार्ड असेल तर ते, कारण त्यावरचा नंबर फॉर्ममध्ये भरावा लागतो.
- व्हिसावर असाल तर आय-९४चा, म्हणजे अमेरिकेतल्या प्रवेशाच्या नोंदीचा, नंबर आणि चालू हंटिंग लायसन्स.

दुकानात फॉर्म ४४७३ हा बंदूक खरेदीचा केंद्रीय फॉर्म भरावा लागतो आणि पार्श्वभूमी तपासली जाते. कोलोरॅडोत त्यानंतर किमान तीन दिवस थांबावं लागतं. त्यामुळे शुक्रवारी रायफल घेऊन शनिवारी डोंगरात, असं होत नाही. फॉर्मवर गांजाबद्दलही प्रश्न आहे. कोलोरॅडोत तो उघड विकला जात असला तरी केंद्राच्या कायद्यात त्याला मान्यता नाही आणि फॉर्मवर हे स्पष्ट बजावलेलं असतं. तिथे खोटं लिहिणं हा स्वतंत्र गुन्हा आहे.

शिकारीचं लायसन्स काढायला हंटर एज्युकेशनचा कोर्स लागतो. १ जानेवारी १९४९ला किंवा त्यानंतर जन्मलेल्या प्रत्येकाला तो सक्तीचा आहे. कोर्स आधी, रायफल नंतर, हाच क्रम ठेवा. त्या वर्गात वेगवेगळ्या रायफली हाताळायला मिळतात आणि दस्ता खांद्याला लावल्यावर कसं वाटतं याची पहिली कल्पना तिथेच येते.

२. कोणतं जनावर, किती उंचीवर

कोलोरॅडोत मोठ्या जनावरांच्या शिकारीसाठी रायफलीची किमान मर्यादा ठरलेली आहे : कॅलिबर, म्हणजे नळीच्या भोकाचा इंचांतला व्यास, .२४ किंवा त्याहून मोठं, फुलणारी गोळी, आणि १०० यार्डांवर किमान १००० फूट-पाउंड ऊर्जा. गोळीचं वजन हरीण, प्राँगहॉर्न (इथलं काळविटासारखं जनावर) आणि अस्वलासाठी किमान ७० ग्रेन, एल्क आणि मूस (एल्कहूनही मोठं हरीण) यांच्यासाठी किमान ८५ ग्रेन. म्हणजे .२४३ विंचेस्टरसुद्धा एल्कसाठी कायदेशीर आहे. कायदेशीर असणं आणि नवशिक्यानं ती निवडणं या वेगळ्या गोष्टी, त्यावर पुढे येतेच.

एल्क म्हणजे आपल्या सांबराच्याच घराण्यातला, पण बराच मोठा. नर साधारण ७०० पौंडांचा, मादी ५०० पौंडांची. म्यूल डियर, म्हणजे इथलं नेहमीचं हरीण, त्यापुढे लहान. नुसत्या हरणासाठी लायसन्स काढणार असाल तर निवड खूप सोपी होते, आणि पहिल्या एक-दोन हंगामांत मी तोच सल्ला देईन.

हलकी रायफल हवी हे मात्र खरं आहे. ऑक्टोबरात एल्क नऊ-दहा हजार फुटांवर असतात. पहाटे चारला निघून पाठीवर पाणी, कपडे, सुऱ्या, दोर घेऊन चढताना खांद्यावरचे दोन पौंड फार मोठे होतात. पण हलकी म्हणजे किती हलकी, हा प्रश्न कुणी विचारत नाही. टिक्का टी३एक्स लाइटसारखी रायफल रिकामी साडेसहा पौंडांच्या आतबाहेर असते. किंबरच्या माउंटन असेंटसारख्या काही तर पाच पौंडांच्या आसपास येतात. त्यावर स्कोप म्हणजे नेम धरायची दुर्बीण, ती बसवायच्या रिंगा, पट्टा आणि काडतुसं चढली की एक-दीड पौंड वाढतात. कॅटलॉगमधला आकडा रिकाम्या रायफलीचा असतो. तुमच्या खांद्याशी संबंध येतो तो भरलेल्या वजनाचा.

३. धक्का कागदावर मोजा

हा टप्पा कुणी मला पहिल्या दिवशी शिकवला असता तर ती मॅग्नम घरी आली नसती. दहावीच्या विज्ञानातला संवेगाचा नियम आठवा : गोळी आणि काडतुसातल्या दारूचा वायू जितक्या जोरानं पुढे जातात, तितक्याच जोरानं रायफल मागे येते. रायफल जड असेल तर हळू येते, हलकी असेल तर झपकन येते.

हिशेब असा. दारूच्या वजनाला १.७५नं गुणा आणि त्यात गोळीचं वजन मिळवा, दोन्ही ग्रेनमध्ये. आलेल्या आकड्याला गोळीच्या वेगानं गुणा, वेग फूट प्रतिसेकंदात. मग ७०००नं भागा, कारण एका पौंडात ७००० ग्रेन असतात. आता याला रायफलीच्या भरलेल्या वजनानं, पौंडांत, भागलं की रायफल किती वेगानं मागे येते ते कळतं. त्या वेगाचा वर्ग गुणिले रायफलीचं वजन, भागिले ६४.४ : ही झाली धक्क्याची ऊर्जा, फूट-पाउंडमध्ये.

एक करून दाखवते. .३०८ विंचेस्टर, १५० ग्रेनची गोळी, वेग २८२०, दारू साधारण ४५ ग्रेन. ४५ गुणिले १.७५ म्हणजे ७८.७५, अधिक १५०, झाले २२८.७५. गुणिले २८२०, भागिले ७०००, येतात सुमारे ९२. सात पौंडांच्या रायफलीला भागल्यावर १३ फूट प्रतिसेकंदाहून थोडा जास्त वेग आणि ऊर्जा जवळजवळ १९ फूट-पाउंड. तीच गोळी सहा पौंडांच्या रायफलीतून मारली तर वेग १५च्या वर आणि ऊर्जा २२. एका पौंडानं एवढा फरक पडतो. गोळी तीच, जनावराला लागणारा घाव तोच, फक्त खांद्यावरचा भार वाढला.

सात पौंडांच्या भरलेल्या रायफलीसाठी माझ्या वहीतले आकडे देते. दारूचं वजन काडतुसागणिक थोडं बदलतं, म्हणून हे अंदाजे धरा :

- .२४३ विंचेस्टर, १०० ग्रेन : साडेअकरा
- ६.५ क्रीडमोर, १४० ग्रेन : पंधरा
- ७ एमएम-०८ रेमिंग्टन, १४० ग्रेन : साडेसोळा
- .३०८ विंचेस्टर, १५० ग्रेन : एकोणीस
- .२७० विंचेस्टर, १३० ग्रेन : बावीस
- .३०-०६ स्प्रिंगफील्ड, १८० ग्रेन : पंचवीस
- .३०० विंचेस्टर मॅग्नम, १८० ग्रेन : सदतीस

माझी रायफल स्कोपसकट पावणेसात पौंडांची होती. तिचा हिशेब अडतिसाच्या वर गेला. याच रीतीनं आजोबांच्या बंदुकीचा साध्या छर्ऱ्याच्या काडतुसावर हिशेब केला तर वीस-बावीसच्या आसपास येतो, आणि ते त्यालाच लाथ म्हणायचे.

नुसती ऊर्जाही सगळं सांगत नाही, वेगही बघा. दहा-बारा फूट वेगानं मागे येणारा दस्ता ढकलल्यासारखा वाटतो. वीस फुटांच्या पुढे गेला की तो फटका असतो, कारण शरीराला मागे सरकायला वेळच मिळत नाही. नवशिक्यासाठी मी १५ ते १७ फूट-पाउंड ही हद्द धरते. सवय झाल्यावर वीसपर्यंत ठीक. त्यापुढे जायचं तर रायफलीचं वजन वाढवा, कॅलिबरबरोबर हलकेपणाचाही हट्ट धरू नका.

४. आता कॅलिबर

वरच्या यादीतल्या तिघी सख्ख्या बहिणी आहेत. .३०८ आली १९५२मध्ये. तिच्याच काडतुसाच्या पितळी टोपणाचं तोंड आवळून १९५५मध्ये .२४३ झाली आणि १९८०मध्ये रेमिंग्टननं ७ एमएम-०८ बाजारात आणली. तिन्ही आखूड अॅक्शनमध्ये बसतात. अॅक्शन म्हणजे काडतूस नळीत भरणारी यंत्रणा आणि बोल्ट म्हणजे तिचा मागेपुढे सरकणारा दांडा. तो आखूड, म्हणून रायफल काही औंस हलकी. ६.५ क्रीडमोर २००७ची, हॉर्नडीची. तीही आखूड अॅक्शनचीच, पण मुळात लांब पल्ल्याच्या निशाणेबाजीसाठी बनवलेली.

हरीण आणि प्राँगहॉर्नच करायचं असेल तर .२४३ किंवा ६.५ क्रीडमोर घ्या आणि पुढचा विचार करू नका. .२४३चा धक्का इतका सौम्य की बार झाल्यावर जनावर कुठे गेलं ते स्कोपमधूनच दिसतं. हा फार मोठा फायदा आहे, कारण गोळी लागली की नाही हे त्याच क्षणात कळतं.

एल्कही करायचा असेल तर माझं मत ठाम आहे : ७ एमएम-०८. आज माझ्याकडे तीच आहे. १४० ग्रेनची चांगल्या बांधणीची गोळी २५०-३०० यार्डांच्या आत एल्कच्या फुप्फुसात व्यवस्थित पोचते. क्रीडमोरही जवळपास तेच काम करते आणि काडतुसं जास्त दुकानांत मिळतात. .३०८ घेणार असाल तर भरलेली रायफल साडेसात पौंडांच्या खाली आणू नका. तिची मोठी जमेची बाजू म्हणजे डोंगरातल्या लहान गावातल्या दुकानातही तिचं काडतूस मिळतं. एअरलाइननं तुमची काडतुसं मागे ठेवली किंवा पेटी गाडीच्या टपावरून पडली, तर हे फार महत्त्वाचं ठरतं.

.२४३नं एल्क पडतो, पण कोन अचूक लागतो आणि हाड मध्ये आलं की चुकायला जागा राहत नाही. पहिल्या-दुसऱ्या हंगामात ती जोखीम घेऊ नका. .३०-०६ उत्तम काडतूस आहे, १९०६पासून चालत आलेलं, पण सहा-साडेसहा पौंडांच्या रायफलीत नव्या माणसानं ते घेऊ नये. मॅग्नमबद्दल मी पुरेसं लिहिलं आहे.

कॅलिबरपेक्षा गोळीची बांधणी जास्त महत्त्वाची, हे मला उशिरा कळलं. स्वस्त गोळी जवळून हाडावर लागली तर फुटून वरवरच विखुरते. शिसं आणि तांब्याचं आवरण एकमेकांना घट्ट चिकटवलेली गोळी किंवा सबंध तांब्याची गोळी आकार धरून खोल जाते. आमच्याकडे मी तांब्याचीच वापरते. शिशाची गोळी मांसात बारीक कण सोडते. ते मांस आम्ही वर्षभर खातो, मुलंही खातात. कालवणात कण दिसत नाहीत आणि शिजवून ते जात नाहीत.

५. दस्ता तुमच्या अंगाचा आहे का

माझी उंची पाच फूट दोन इंच. दुकानात मिळणाऱ्या बहुतेक रायफलींचा दस्ता चापापासून टोकापर्यंत साडेतेरा ते पावणेचौदा इंच असतो, म्हणजे माझ्याहून बऱ्याच उंच माणसाच्या हाताला बसणारा. दस्ता लांब पडला की माणूस मागे वाकतो, मान पुढे ताणून डोळा स्कोपजवळ नेतो. मग धक्का खांद्याच्या खोबणीत न बसता दंडाच्या वरच्या भागावर बसतो आणि स्कोपची कड भुवईवर. इथल्या शिकाऱ्यांच्या भुवईवर अर्धचंद्राची खूण दिसली की ती त्याचीच. मला दोन टाके पडले होते.

दुकानातच तपासून बघा. रायफल रिकामी आहे याची स्वतः बोल्ट उघडून खात्री करा, विक्रेत्याचीही परवानगी घ्या. डोळे मिटून रायफल खांद्याला लावा, गाल दस्त्यावर टेकवा, मग डोळे उघडा. स्कोपमधलं चित्र पूर्ण गोल दिसलं पाहिजे. कडेला काळी सावली दिसली तर डोळ्याचं अंतर चुकतंय. हे करताना ऑक्टोबरातलं जाड जॅकेट अंगात असू द्या. टी-शर्टवर बरोबर बसणारा दस्ता जॅकेटवर अर्धा इंच लांब होतो.

माझा दस्ता एका गनस्मिथनं कापून साडेबारा इंचांचा केला. कॅलिबर बदलल्यानंतर सगळ्यात जास्त फरक या एका गोष्टीनं पडला. बायकांनी, किशोरवयीन मुलांनी आणि आपल्यासारख्या बेताच्या बांध्याच्या पुरुषांनीही यावर पैसे घालायला संकोच करू नये. काही कंपन्या आखूड दस्त्याच्या रायफली काढतात, काहींत टोकाला पट्ट्या घालून लांबी कमीजास्त करता येते. स्कोप घेताना डोळ्यापासूनचं अंतर साडेतीन इंचांहून कमी असलेला घेऊ नका.

६. पॅड, ब्रेक आणि कान

दस्त्याच्या टोकाला चांगलं मऊ रबराचं पॅड बसवा. स्वस्त आणि खात्रीचा उपाय आहे, त्याबद्दल जास्त सांगण्यासारखं काही नाही.

नळीच्या टोकाला बसणारा ब्रेक मात्र जपून. तो वायू बाजूला फेकतो, त्यामुळे धक्का बराच कमी होतो, पण आवाज तुमच्या आणि शेजारच्याच्या कानावर येतो. साध्या रायफलीचा बारही १६० डेसिबलच्या आसपास असतो आणि १४०च्या पुढे एका बारानंही कानाला कायमची इजा होऊ शकते. रेंजवर कानात बोळे आणि वरून मफ, दोन्ही वापरा. शिकारीत कान झाकायचा वेळ मिळेलच असं नसतं, म्हणून नवशिक्यानं ब्रेकवर विसंबून मोठं कॅलिबर घेऊ नये असं मला मनापासून वाटतं. सप्रेसर आवाज आणि धक्का दोन्ही कमी करतो आणि कोलोरॅडोत शिकारीला चालतो, पण त्याची केंद्राकडे वेगळी नोंदणी होते आणि लांब नळी झाडीत अडकते. पहिल्या वर्षी त्याच्या मागे लागू नका.

७. धसका ओळखा

हा टप्पा वाचून सोडू नका, करून बघा.

ती मादी हरवल्यानंतरच्या वसंतात आम्ही रेंजवर गेलो. एका जुन्या शिकाऱ्यानं सांगितल्याप्रमाणे नवरा माझ्याकडे पाठ करून मॅगझिन भरत होता : कधी खरं काडतूस, कधी स्नॅप कॅप म्हणजे प्लास्टिकचं खोटं. मला कळत नव्हतं आत काय आहे. पहिला बार झाला, खांदा दुखला. दुसऱ्या वेळी मी चाप ओढला आणि नुसतं "टक" झालं. रायफल हलायला नको होती. पण नळीचं टोक दोन बोटं खाली गेलं आणि उजवीकडे ओढलं गेलं.

"तू डोळे मिटलेस," नवरा म्हणाला.

"नाही मिटले."

त्यानं फोन पुढे केला. व्हिडिओ संथ गतीत होता. चाप हलायच्या आधीच माझ्या पापण्या घट्ट मिटलेल्या, ओठ आवळलेले आणि खांदा धक्क्याला सामोरा जायला पुढे झुकलेला. बार झाल्यावर हे सगळं धक्क्यात लपून जातं. खोट्या काडतुसावर काहीच लपत नाही. दोनशे यार्डांवरची ती मादी उभी राहिली तेव्हाही मी हेच केलं होतं.

धसका भित्रेपणातून येत नाही. शरीर दोन-चार फटके खाऊन शिकतं आणि पुढच्या वेळी स्वतःला वाचवतं. म्हणून "मन घट्ट कर" या सल्ल्यानं तो जात नाही. शरीराला नव्यानं शिकवावं लागतं :

- महिना-दीड महिना मोठी रायफल कपाटात. .२२ लाँग रायफलनं रोज न जमलं तरी आठवड्याला एकदा ५० काडतुसं. तिचा धक्का जवळजवळ नसतोच.
- घरी रिकाम्या रायफलीवर स्नॅप कॅप घालून चाप ओढायचा सराव, दिवसाला वीसदा. काडतुसं त्या खोलीत नकोत, ती दुसऱ्या खोलीत कुलपात.
- मोठ्या रायफलीकडे परतताना एका बैठकीत १५पेक्षा जास्त बार नाहीत. त्यात चार-पाच खोटी काडतुसं मिसळलेली. खांदा दुखायला लागला की त्या दिवसाचा सराव संपला, पेटीत काडतुसं उरली असली तरी.
- सुरुवातीला कमी धक्क्याची काडतुसं. हॉर्नडीची कस्टम लाइट ही त्यातली एक मालिका आहे.

टेबलावर बसून मारताना धक्का सगळ्यात जास्त जाणवतो, कारण कंबर आणि पाठ मागे सरकत नाहीत. उभ्यानं तोच बार निम्म्यासारखा वाटतो. म्हणून रायफल झीरो करण्यापुरतंच, म्हणजे स्कोपचा नेम आणि गोळी जुळवण्यापुरतंच, टेबलावर बसा. बाकी सराव उभ्यानं, गुडघ्यावर, काठीच्या आधारानं. डोंगरात टेबल मिळत नाही.

८. झीरो करताना

सुरुवात २५ यार्डांवरून करा. नव्या स्कोपनं थेट १०० यार्डांवर बसलात तर कागदावर गोळीचा पत्ताच लागत नाही आणि काडतुसं वाया जातात. मग १०० यार्डांवर गोळी मध्यापासून दोन इंच वर लागेल असं स्कोप लावा. ७ एमएम-०८ किंवा .३०८ सारख्या काडतुसाला त्यानं २०० यार्डांच्या आसपास नेम बरोबर येतो.

हलक्या रायफलीच्या दोन खोडी लक्षात ठेवा. तिची नळी बारीक असते, तीन-चार बारांत तापते आणि गोळ्या पसरू लागतात. तीन बार, मग दहा मिनिटं नळी थंड. मला हे माहीत नसताना मी तापल्या नळीवर स्कोप फिरवत बसले होते आणि दुसऱ्या दिवशी सगळं चुकीचं निघालं. दुसरी खोड म्हणजे ती उडी मारते. पुढचा लाकडी किंवा फायबरचा भाग डाव्या हातानं खाली हलकेच धरून ठेवा. नळी मात्र कशावरही टेकवू नका. रायफल करकचून बांधणारी लोखंडी चौकट वापरू नका. खांदा वाचतो, पण सगळा धक्का दस्ता आणि स्कोपच्या रिंगा खातात.

शेवटी तुमची हद्द ठरवा. नऊ इंचांची कागदी ताटली लावा आणि शिकारीत जसे बसाल तसेच बसून पाच बार मारा. पाचही ताटलीत लागतात तेवढं तुमचं अंतर. माझं गुडघ्यावर २०० यार्ड आहे. गेल्या वर्षी सव्वादोनशेवर एक सुंदर मादी उभी होती आणि मी रायफल खाली ठेवली.

नारिंगी किंवा गुलाबी झळाळत्या रंगाचे ५०० चौरस इंच कपडे आणि त्याच रंगाची टोपी विसरू नका. गाडीत रायफलीची चेंबर, म्हणजे नळीत काडतूस बसतं ती जागा, रिकामी हवी. घरात मुलं असतील तर रायफल कुलपात ठेवणं कायद्यानंही बंधनकारक आहे.

९. हंगाम संपल्यावर बॅग उलटी करा

हे खास आपल्या लोकांसाठी. नोव्हेंबरात शिकार संपते आणि डिसेंबरात आपली गावाला जायची तिकिटं असतात. पाठीवरची बॅग तीच, जॅकेट तेच. एक काडतूस कप्प्यात राहिलं तर इथल्या विमानतळावर दंड बसेल, आणि मुंबईला किंवा गोव्यातल्या मोप्याला ते सापडलं तर १९५९च्या शस्त्र कायद्याखाली गुन्हा दाखल होऊ शकतो. चुकून राहिलं हे सिद्ध करण्यात सुट्टी जाईल, पासपोर्ट अडकेल. झाडलेल्या काडतुसाचं रिकामं पितळी टोपणही सोबत नको.

मी दोन वर्षांपूर्वी निघायच्या चार दिवस आधी जॅकेट धुवायला काढलं, तर आतल्या खिशाच्या शिवणीत ७ एमएम-०८चं एक काडतूस निघालं. त्या दिवसापासून शिकारीची बॅग आणि जॅकेट गॅरेजमध्ये वेगळ्या खुंटीला असतात. कुडाळला जाताना ती दोन्ही घरात येत नाहीत, आणि मुलांच्या बॅगाही मी स्वतः रिकाम्या करून, शिवणी चाचपून मगच भरते.